एका पंपाला तीस मिली

आपला आवाज चांगला आहे, हे इंदुताईंना आयुष्यभर कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत मराठी शिकवताना त्या आवाजानं वर्ग गप्प बसायचे, घरात नवरा गप्प बसायचा, पण ते काही कौतुक नव्हे. मग निवृत्तीनंतर हैदराबादेत विद्यानगरच्या एका कंपनीतला पोरगा शोधत शोधत चिक्कडपल्लीतल्या घरी आला. त्यानं त्यांना वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला लावला आणि म्हणाला, "आंटी, परफेक्ट! शेतकऱ्याला आपल्या घरातलीच बाई बोलतेय असं वाटेल." इंदुताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आंटी म्हटल्याचा राग त्यांनी त्या दिवसापुरता गिळला.

तो पोरगा म्हणजे सौरभ. पुण्याचा, इंजिनिअर, मराठी बोलायला फाडफाड आणि वाचायला दिली की अक्षरं जुळवत बसणार. त्या वर्षांत हैदराबादेत सगळीकडे असंच चाललं होतं. कालपर्यंत ज्या फ्लॅटच्या गॅलरीत पापड वाळत होते, तिथे आज कंपनीची पाटी लागायची. आबिड्सच्या फुटपाथवर मोबाइल मिळायला लागले होते आणि फोन करणं इराण्याच्या चहापेक्षा स्वस्त झालं होतं. सौरभच्या कंपनीनं 'पिकबोल' नावाची सेवा काढली होती. शेतकऱ्यानं एकदा फोन करून आपली माहिती सांगायची. जमीन कशी, पाणी आहे का, काय पेरलंय, कधी पेरलंय, फवारायचा पंप कुठला. मग रोज सकाळी सहाला त्याचा फोन वाजणार आणि त्याला सल्ला मिळणार तो फक्त त्याच्या शेताचा. शेजाऱ्याचा नाही, तालुक्याचा नाही, त्याचाच.

हा सल्ला इंदुताई रोज बोलत नसत. त्यांनी नुसते तुकडे बोलून ठेवले होते. विद्यानगरच्या त्या फ्लॅटमधल्या झोपायच्या खोलीत भिंतींना गाद्या लावून स्टुडिओ केला होता. तिथे बसून त्यांनी आकडे म्हटले, पिकांची, किडींची, औषधांची नावं म्हटली, माणसांची नावं म्हटली. कॉम्प्युटर ते तुकडे जोडून हजारो लोकांशी बोलायचा. आपण घरी पांघरूण घेऊन पडलेलो असतो तेव्हा आपलं तोंड गावोगाव बोलत असतं, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इंदुताई खूप हसल्या. नंतर एकदा वरणाला फोडणी देताना त्यांना ते आठवलं, आणि काही कारण नसताना त्यांनी गॅस बारीक केला.

रेकॉर्डिंगला अप्पाराव बसायचा. तेलुगू माणूस, मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण इंदुताईंचा घसा कोरडा पडला की त्यांच्याआधी त्याला कळायचं. "अम्मा, पानी पियो. आवाज सूखरा तुम्हारा," असं म्हणून तो तांब्या पुढे करायचा. इंदुताईंनाही हैदराबादी बोलणं अंगवळणी पडलेलं. "हौ, अप्पाराव, ठहरो जरा," म्हणत त्या पाणी प्यायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या: एकोणतीस, तीस, एकतीस.

त्यांचं माहेर देगलूरकडचं, हिवरखेडी. थोरले भाऊ एकनाथराव, ज्यांना सगळं गाव अण्णा म्हणतं, ते अजून शेती बघत होते. 'पिकबोल'ला इंदुताईंनी सगळ्यात आधी नाव घातलं ते अण्णांचं. अण्णांकडे विहीर होती आणि नुकताच घेतलेला पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप होता. बाकीचं गाव पाठीवरचा साधा पंप घेऊन, हातानं दांडा हापसत कापसात शिरायचं.

भोंग्याची कल्पना इंदुताईंचीच. सेवा सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात अण्णांनी फोनवर सांगितलं होतं, "इंदे, फोनातनं बाहेर येणारा तुझा आवाज ऐकून भामाकाकू डोळे पुसालीय बघ. म्हणती, पोरगी गावात परत आली." भामाकाकू म्हणजे मारुतीचं देऊळ झाडणारी म्हातारी. तिच्या अंगाखांद्यावर इंदुताई खेळलेल्या. तिचा मुलगा उमाजी सकाळी देवळाच्या भोंग्यावर आरती लावायचा.

"मग लावा की माझं पण भोंग्यावर," इंदुताई म्हणाल्या. "सगळं गाव ऐकेल."

बोलून गेल्या आणि स्वतःच लाजल्या. पण खरं सांगायचं तर मनापासून बोलल्या होत्या. सासरी गेलेल्या मुलीचं नाव शेतावर राहत नाही, देवळाच्या पाटीवर राहत नाही, चार वर्षांनी तर गल्लीतली पोरंही ओळखत नाहीत. आणि इथे मारुतीच्या भोंग्यावर रोज सकाळी तिचा आवाज! हा मोह कुणाला आवरला असता?

गावात मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त देवळात. म्हणून अण्णांचा फोन मारुतीशेजारच्या कोनाड्यात चार्जरला लावलेला असायचा. सहाला तो वाजला की उमाजी हिरवं बटण दाबायचा आणि फोन हात लांब करून माइकसमोर धरायचा. "नमस्कार, एकनाथराव!" असं शिवारापर्यंत घुमायचं. गावानं आधी थट्टा केली. रस्त्यात भेटेल त्याला, मग तो गुराखी असो की मास्तर, उमाजी हात जोडून म्हणायचा, "नमस्कार, एकनाथराव!" आणि लोक पोट धरून हसायचे.

थट्टा करता करता गाव ऐकायला लागलं. अण्णांना निंबोळीचा अर्क सांगितला, गावानं निंबोळ्या कुटल्या. अण्णांना खत सांगितलं, गावानं खत दिलं. एकदा विहिरीचं पाणी द्यायला सांगितलं, तेव्हा ज्यांना विहीर नव्हती ते हसले, इतकंच. आणखी कुणी नाव नोंदवायच्या भानगडीत पडलं नाही. कशाला पडायचं? इंदू बोलतेच आहे की! इंदुताईंनी हे सौरभला सांगितलं तेव्हा तो खुर्चीतून उठलाच. "एका नंबरमध्ये अख्खं गाव! आंटी, सॉलिड!" साहेबांना दाखवायच्या चित्रांत त्यानं हिवरखेडीच्या देवळाचा फोटो घातला, भोंग्यासकट.

महालक्ष्म्यांना इंदुताई माहेरी गेल्या, तेव्हा एक गोष्ट घडली. हसण्यावारी नेली, पण घडली. सकाळी देवळापुढून जाताना भामाकाकू पाठमोरी दिसली. इंदुताईंनी हाक मारली, "भामाकाकू!" म्हातारीनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं मान वर केली, भोंग्याकडे बघितलं, आणि हात जोडले. पुन्हा हाक मारली तरी तेच. शेवटी इंदुताईंनी जाऊन खांदा धरला, तेव्हा ती दचकली आणि म्हणाली, "अगं बया, तू हितं हायस व्हय? मला वाटलं तू बोलालीस!" उमाजी हसून हसून लोळला. इंदुताईही हसल्या. पण हैदराबादला परत येताना बसमध्ये त्यांना राहून राहून त्या म्हातारीचे जोडलेले हात दिसत होते, आणि त्यांना ते आवडत नव्हतं.

पितृपक्षातला दिवस. ऊन कडक पडलेलं. इंदुताई नवीन तुकडे बोलायला विद्यानगरला पोचल्या तेव्हा दुपार व्हायला आली होती. सौरभ खुशीत होता. कापसावर तुडतुडे फार पडले होते, आणि एका औषध कंपनीनं गावोगाव बाटल्या पोचवून आपल्या नव्या औषधाचा सल्ला 'पिकबोल'वरून द्यायला सुरुवात केली होती. टेबलावर त्याची नमुन्याची बाटली होती. बूच घट्ट असूनही खोलीत सडक्या लसणासारखा वास भरला होता. अप्पारावनं रुमालानं धरून ती बाटली खिडकीबाहेर ठेवली.

"आंटी, आधी हे ऐका," सौरभ म्हणाला. "नवीन सॉफ्टवेअर. तुकडे जोडलेत हे आता कुणाच्या बापाला कळणार नाही. तुमच्या भावाचाच लावतो, आज सकाळचा."

अप्पारावनं बटण दाबलं आणि इंदुताई बोलायला लागल्या. खुर्चीत बसलेल्या नव्हे, त्या दुसऱ्या. "नमस्कार, एकनाथराव! आपल्या कापसावर तुडतुडे वाढले आहेत. एका पंपाला तीस मिली औषध घ्या. आजच फवारणी करा." कुठे अडखळणं नाही, कुठे जोड नाही. इंदुताईंना आधी कौतुकच वाटलं. मग त्या थांबल्या.

"तीस?"

"हो. तीस."

"मी तर असं बोलले नव्हते. साध्या पंपाला दहा आणि पेट्रोलच्या पंपाला तीस, असं सबंध वाक्य होतं. मी दोनदा म्हटलं होतं, तुझ्यासमोर."

"ते कापलं, आंटी. उगाच कन्फ्यूजन. पेट्रोल पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून औषध तिप्पट. तुमच्या भावाकडे पेट्रोल पंप आहे, तर त्याला दहाचं कशाला ऐकवायचं? ज्याला जे लागू, तेवढंच त्याला. हीच तर आपली खासियत आहे ना!"

इंदुताईंचा आवाज वर्गात निघायचा तसाच शांत निघाला. "सौरभ, हे अण्णांनी ऐकलं नाही रे. हे गावानं ऐकलं. गावाच्या पाठीवर साधे पंप आहेत."

सौरभला कळलं होतं. पोरगा मूर्ख नव्हता, नुसता घाईत होता. त्यानं औषधाचा छापील कागद ओढला आणि बोट ठेवून अक्षरं जुळवायला लागला. इंदुताईंनी तो कागद त्याच्या हातातून घेतला आणि एका दमात वाचला. जास्त औषध अंगात भिनलं तर काय होतं ते तिथे स्वच्छ लिहिलं होतं: घाम, लाळ, उलट्या, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, श्वास बंद. इंदुताईंना हिवरखेडीचा कापूस दिसला, पितृपक्षात खांद्याला लागणारा. त्यात उघड्या अंगानं शिरलेली माणसं आणि पाठीवरून ठिबकणारे पंप दिसले.

"आत्ता दुसरा निरोप पाठव. थांबा म्हणून सांग."

"पाठवीन, पण जाणार तुमच्या भावाच्याच नंबरवर. गावात दुसरा नंबरच नाहीये आपल्याकडे." मग तो चाचरत म्हणाला, "सरांना विचारायला लागेल, आंटी. औषधवाले म्हणतील, आमचं औषध वापरू नका असं का सांगितलं."

"विचार तुझ्या सरांना," इंदुताई म्हणाल्या, आणि आपल्या पर्समधला मोबाइल काढून त्यांनी अण्णांचा नंबर लावला.

घंटी वाजत राहिली. इंदुताईंना तो कोनाडा डोळ्यांपुढे दिसत होता, शेंदराचे डाग पडलेला, आणि त्यात एकटाच थरथरणारा फोन. या वेळी देवळात कुणी नसणार. अण्णा शेतात, उमाजी शेतात, सगळं गाव शेतात, कारण सकाळी इंदूनंच सांगितलं होतं, आजच फवारणी करा. घंटी वाजून वाजून बंद पडली. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा लावला. अण्णा, उचल रे बाबा. मारुतीराया, तू तरी उचल.

सौरभनं सरांना फोन केलाच नाही. तो कॉम्प्युटरपुढे बसून पडद्यावरची गावं खाली खाली सरकवत होता. प्रत्येक गावापुढे तिथल्या गिऱ्हाइकांचा आकडा होता. "एक," तो पुटपुटला. "एक. एक. हेही एक." मागे बऱ्याच गावांतून, आमच्याकडेही भोंग्यावर लावतात म्हणून फोन आले होते, तेव्हा त्यानं सगळ्यांना शाबासकी दिली होती. आता त्याच्या कपाळावर घाम आला आणि त्याला तो पुसायचंही सुचेना. अप्पारावला भाषा कळत नव्हती, पण तोंडं कळत होती. त्यानं तांब्या भरून आणला आणि हातात धरून तसाच उभा राहिला.

आणि फोन उचलला गेला.

"हॅलो! अण्णा? कोण आहे? मी इंदू!"

खराटा खाली टेकवल्याचा आवाज आला, मग भामाकाकूचं खोकणं.

"भामाकाकू! ऐका! मी इंदू बोलतेय, हैदराबादहून! उमाजीला बोलवा, पळत जा, फवारणी थांबवायला सांगा! औषध जास्त झालंय!"

"बोल बाई, बोल," भामाकाकू मायेनं म्हणाली. आवाज लांबून येत होता, आणि इंदुताईंना कळलं की म्हातारीनं फोन कानाला लावलेलाच नाही. तो कानाला लावायचा असतो हे तिला कधी कुणी दाखवलंच नव्हतं. तिनं रोज बघितलं होतं ते एवढंच, की हिरवं बटण दाबायचं आणि फोन हात लांब करून माइकसमोर धरायचा. ती आत्ता तसाच धरून उभी होती, बंद माइकसमोर.

"काकू, मी खरी आहे! भोंगा नाही, मी इंदू! कानाला लावा, काकू, कानाला!"

"आज दोनदा बोलालीय गं पोरगी," म्हातारी मारुतीला सांगत होती. "लाईट न्हाई माय आता. कुणाला ऐकू जायाचं? उद्या सकाळी लावील उमाजी."

टक् करून आवाज झाला. फोन कोनाड्यात परत ठेवला गेला होता, बंद न करता. इंदुताई ओरडत राहिल्या. शाळेतले वर्ग ज्या आवाजानं गप्प बसायचे, त्या आवाजानं त्यांनी भामाकाकूला हाका मारल्या, गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत मारल्या. पलीकडे खराटा पुन्हा सुरू झाला. संथ, एका लयीत. विद्यानगरच्या त्या गाद्या लावलेल्या खोलीत मात्र त्यांचा आवाज कुठेच घुमत नव्हता, निघाला तिथेच मरत होता.

सौरभ शेजारी येऊन उभा राहिला. "ठेवू नका, आंटी. लाइन चालू राहू दे. कुणीतरी येईल."

कुणीतरी आलं. आधी बैलगाडीची खडखड ऐकू आली, मग धावणारी पावलं, मग भामाकाकूचा खराटा पडला. एका क्षणात देऊळ माणसांनी भरलं.

"ओट्यावर घ्या, ओट्यावर! डोकं धरा त्याचं!"

"सकाळधरनं उलट्या करालाय. मघा बांधावरच पडला. डोळे बघा की कसे करालाय."

"उमाजी! अरं उमाजी, बघ की माझ्याकडं!" हे अण्णा होते.

"त्याचे कपडे काढा!" इंदुताई फोनमध्ये किंचाळल्या. औषधाच्या कागदावरचे उपाय त्या एकेक वाचून सांगत होत्या. "साबणानं अंग धुवा! देगलूरला न्या, आत्ता, दवाखान्यात! बाटली सोबत न्या! अण्णा!"

कोनाड्यातून निघालेलं ते बारीक किरकिरणं कुणाच्या कानी गेलं नसेल असं नाही. गेलं असेल. पण रोज सकाळी ते ऐकायची सवय होती. घरात रेडिओ चालू असला म्हणून कुणी त्याला उत्तर देत नाही. भामाकाकू मुलाचं नाव घेऊन घेऊन रडत होती, आणि मधेच कुणीतरी दह्याचं पाणी आणायला पळालं.

"किती घातलं होतंस रं?" अण्णांनी विचारलं. "उमाजी, औषध किती घातलं होतंस?"

उमाजीचा आवाज आला. इंदुताईंनी तो आधी ओळखलाच नाही. गावभर थट्टा करत फिरणाऱ्या माणसाचा आवाज असा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. लाळेनं भरलेल्या तोंडातून एकेक शब्द येत होता.

"मोजून घातलं, अण्णा. इंदूनं सांगितलं... तेवढंच. टोपणभर बी जास्त न्हाई."

अण्णा म्हणाले, "अरं, ते माझ्या पंपाचं होतं रं." हळू म्हणाले, पण कोनाड्याजवळ उभे असावेत. इंदुताईंना अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

बाहेरून कुणीतरी पळत आलं. "अण्णा, गाडी वळवा! खालच्या शिवारात आणखी दोघं पडल्यात!"

"अण्णा!" इंदुताई शेवटचं ओरडल्या. आवाज फाटला होता, आणि फाटलेल्या आवाजातही त्या स्वतःलाच सकाळच्या निरोपासारख्या ऐकू आल्या. "अण्णा, मी आहे रे! मी इंदू! ऐक ना माझं!"

पलीकडची पावलं थबकली. त्यांना वाटलं, ऐकलं. अण्णांनी ऐकलं.

"बंद करा रं कुणीतरी," अण्णा म्हणाले. "बंद करा तो आवाज."

आणि कुणीतरी फोन बंद केला.